पंचगंगेतला काळा शंख

आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, माझ्या दगडांचा ढीग होता, आणि घरात कुणाचं काहीही बिनसलं की खापर त्या ढिगावर फुटायचं. आईला विंचू दिसला, कारण ढीग. म्हशीला ठेच लागली, ढीग. वडिलांना दुपारची झोप लागली नाही तरी त्याला जबाबदार ढीगच. मी म्हणायचो, "आबा, दगड म्हणू नका, ते नमुने आहेत." त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "नमुना ह्या घरात एकच हाय, आन् त्यो माझ्यासमोर हुबा हाय."

आबा गुळाचे अडते. शेतकऱ्यांचा गूळ त्यांच्या दुकानात उतरायचा आणि त्यांच्यासमोर सौदे व्हायचे. सौद्यात ओरडून ओरडून आवाजच असा झाला होता, की घरात हळू बोलले तरी गल्लीच्या तोंडाला ऐकू जायचं. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. दुकानाच्या गादीवर बसायचं सोडून पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ट्रेसर म्हणून चिकटलो होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो गिरवणारा माणूस. आठवडाभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवायच्या आणि रविवारी सायकल काढून कुठं विहीर खणत असतील तिकडं सुटायचं. कधी कोडोलीकडं, कधी मुरगूडकडं. सुरुंगानं फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोटात कधी पांढरेशुभ्र स्फटिक निघायचे, कधी हिरवट गारगोट्या. विहिरीवरची माणसं मला लांबून बघूनच हाळी द्यायची, "या पावणं! आज किती धोंडं न्यायचं?" हसायची, पण हसत हसत पिशवी भरून द्यायची. घरच्यांपेक्षा ती बरी होती.

ही गोष्ट सत्तर सालच्या आगेमागेची. त्या वर्षी मे महिन्यात पंचगंगेचं पाणी पार तळाला गेलं होतं. घाटाच्या खालच्या अंगाला, एरवी जिथं पुरुषभर पाणी असतं, तिथं गोट्यांचा एक पट्टा उघडा पडला होता. मी तिथं उकिडवा बसून उकरत होतो. वर काय काय येऊन पडलेलं होतं. काचा फुटलेल्या तसबिरी, कुजक्या चौकटी, करवंट्या, फडक्यात गुंडाळलेली, भिजून लगदा झालेली कुणाची तरी पोथी. ते सगळं मी बाजूला सारत होतो, कारण मला दगडाशी मतलब. खाली हात घातला आणि एक काळा गोटा लागला. मुठीएवढा. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं फुटलेला, आणि त्या फुटलेल्या बाजूवर शंख!

शंख म्हणजे फुंकायचा नव्हे. चपटा, आईच्या चकलीसारखा स्वतःभोवती गुंडाळत गेलेला, आणि प्रत्येक वेढ्यावर बारीक आडव्या वळ्या. आणि तो दगडाला चिकटलेला नव्हता, दगडच झालेला होता. मी चक्क ओरडलो. पलीकडं धुणं आपटणाऱ्या बायकांनी हात थांबवून बघितलं आणि पुन्हा आपटायला लागल्या.

मी का ओरडलो ते सांगतो. आमचा सगळा मुलूख लाव्हारसाचा. पन्हाळ्यापासून हातकणंगल्यापर्यंत कुठंही खणा, लागणार तो काळा पाषाण, नाहीतर त्याच्यावरचा तांबडा जांभा. आगीतून आलेल्या दगडात समुद्रातला जीव कसा राहील? तो मरून गाळात पुरला गेला तरच त्याचा असा दगड होतो, एवढं मी पुस्तकातून वाचलेलं होतं. म्हणजे इथं कधीकाळी समुद्र असला पाहिजे. कोल्हापुरात समुद्र! आणि तो सापडला कुणाला, तर जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवणाऱ्या मला. त्या दिवशी घाट चढून येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

घरात आईनं बघितलं आणि म्हणाली, "वाळल्याली गोगलगाय हाय ती. भाईर टाक." आबांनी गोटा हातात घेतला, नख मारलं, हुंगलासुद्धा. मग म्हणाले, "फोड की. आत काय हाय बघू." गूळ असाच बघतात, कडेचा खडा फोडून. मी गोटा त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

पावसाळ्यात माझं लग्न ठरलं आणि दिवाळीनंतर परड्यात एक नवी खोली बांधायचं निघालं. गवंडी जागा बघायला आला. खोलीच्या फरशीखाली दगडांचा थर ठोकून बसवतात, त्याला सोलिंग म्हणतात. मोठे दगड उभे लावायचे, फटींत बारके दगड ठासायचे आणि वरून जड धुम्मसानं ठोकून बसवायचे. गवंड्यानं चारी बाजूंनी बघितलं, माझ्या ढिगाला पायानं ढोसलं आणि खूश होऊन म्हणाला, "मालक, फटीत भराय दगुड भाईरनं कशाला आणायचा? हितं तयार माल पडलाय की!"

आबांचे डोळे लकाकले. मी भांडलो. किती वर्षं सायकल मारून गोळा केलंय, प्रत्येक दगड कुठल्या विहिरीतला ते मला ठाऊक आहे, असं बरंच काही बोललो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ. ह्या ढिगात कामाचं काय हाय ते मला कळत न्हाई. तुला कळतंय म्हनतोस, पर तुझ्यावर माझा इस्वास न्हाई. कळनारा मानूस आन. त्यानं माझ्या तोंडावर सांगू दे, की ह्यातला एक तरी दगड कामाचा हाय. मग ढिगाला हात लावनार न्हाई, खोली म्हशीच्या बाजूला सरकवतो. न्हाईतर समदं सोलिंगखाली."

"लेखी आणू?" मी विचारलं.

"कागद नगं. कागदावर कायबी लिवत्यात. मानूस आन."

झालं. आता सगळा भार त्या एका शंखावर. बाकीचे दगड मला कितीही प्रिय असले तरी इथल्या प्रत्येक विहिरीत मिळण्यासारखे होते. त्यांच्यासाठी कोणी शहाणा माणूस आमच्या दारात येऊन आबांशी वाद घालणार नव्हता. शंखासाठी आला असता.

शहरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांच्याकडं मी पावसाळ्यापासूनच खेटे घालत होतो. पहिल्यांदा गेलो तर परीक्षा चालू होत्या. नंतर गेलो तर मुलांची सहल घेऊन गेलेले. मग "उद्या या." उद्या गेलो तर "तुम्हाला उद्या म्हणालो होतो का?" कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढायची, गोटा फडक्यात गुंडाळून न्यायचा आणि हात हलवत, म्हणजे गोटा हलवत, परत यायचं. माझे साहेब वैतागले. मी तर केव्हाचाच वैतागलो होतो.

शेवटी एकदा भेटले. गोटा हातात घेऊन एका नजरेत म्हणाले, "अमोनाइट."

अहो, मला किती आनंद झाला काय सांगू! एवढे महिने जो नुसता 'तो शंख' होता त्याला नाव मिळालं. प्राध्यापकांनी भिंग काढलं, वळ्या बघितल्या, आणि मान हलवत म्हणाले, "छान आहे. गोगलगाईच्या नव्हे, समुद्रातल्या माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, लांबच्या भाऊबंदांतला. आता असे प्राणी उरले नाहीत. कुठून आणलात?"

"पंचगंगेतून."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "खरं सांगा."

"खरंच सांगतोय. घाटाच्या खालच्या बाजूला, माझ्या हातानं उकरून काढलाय."

"हे बघा," ते म्हणाले, आणि असं समजावू लागले जसं मी तिसरीतला पोरगा आहे, "कोल्हापुरात अमोनाइट निघणं म्हणजे तुमच्या म्हशीनं अंडं घालणं. कच्छात मिळतो, तिकडं दक्षिणेत मिळतो. कुणी आणून दिला का? विकत घेतलात का? लाजू नका, हौशी लोक घेतात."

"मी विकत नाही घेतला हो! चला ना आत्ता. सायकलवर जाऊन येऊ. जागा दाखवतो."

"बघू, सवड झाली की. तोपर्यंत राहू दे माझ्याकडे. कच्छचा इतका काळा नसतो, तेवढं जरा बघायला हवं."

बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हातानं शोधलं, आणि ज्याला त्यातलं कळतं त्यानंच मला तोंडावर खोटारडा म्हणावं! आई गोगलगाय म्हणाली ते परवडलं.

त्यानंतर ज्या ज्या वेळी गेलो त्या त्या वेळी माझा अमोनाइट त्यांच्या टेबलावर, पंख्याखाली, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेला. मी विचारलं की ते "हो हो, बघायचाय" म्हणायचे. इकडं गवंड्यानं चौथऱ्याची आखणी केली. चुन्याची पांढरी रेघ माझ्या ढिगाच्या बरोबर मधून गेली. मी हातापाया पडून प्राध्यापकांना म्हणालो, "सर, जागेचं राहू द्या. निदान आमच्या घरी येऊन वडिलांना एवढंच सांगा, की हा दगड मोलाचा आहे."

"मोलाचा आहेच. पण तुमच्या वडिलांनी विचारलं कुठला, तर काय सांगू? मुलगा सांगतोय त्यावर माझा विश्वास नाही, असं सांगू?"

रात्री जेवताना माझं तोंड बघून आबांनी विचारलं, "काय म्हनला तुझा मास्तर?" मी सांगितलं. आबा भाकरी मोडत म्हणाले, "कमाल हाय. ढेप समोर आली की मी रंग बघून, कनी बघून सांगतो, ह्यो कोडोलीचा गूळ, ह्यो मुरगूडचा. आजपातूर चुकलो न्हाई. आन् त्या मानसाला एक दगड कुठला त्यो इतकं म्हैनं सांगता ईना?" मग जरा विचार करून म्हणाले, "मटनाला बोलीव त्याला. पोटात रस्सा गेला की मानूस खरं बोलतोय."

मला ती कल्पनाच कशीतरी वाटली. पण वेळ आली होती. मी भीत भीत कॉलेजात गेलो आणि सांगितलं, की वडिलांनी रविवारी जेवायला बोलावलंय, तांबडा-पांढरा आहे. नदी सायकलवर हाकेच्या अंतरावर असून ज्यांना इतके महिने सवड झाली नव्हती, ते प्राध्यापक लगेच डायरी काढून म्हणाले, "येत्या रविवारी चालेल का?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण हसलो, काय करतो!

रविवार उजाडला. आईनं पहाटेपासून खोबरं भाजलं, मसाला वाटला. प्राध्यापक मूळचे कोकणातले, मासे खाऊन वाढलेले, पण मटणाला ना नव्हती. पिशवीतून त्यांनी माझा गोटा काढून दिला, आणि आबांनी तो कुठं ठेवावा? पंगतीत मधोमध, कांदा-लिंबाच्या ताटलीत. म्हणाले, "असू दे हितंच. जेवता जेवता बोलू." आम्ही तिघं पाटांवर बसलो. आई वाढत होती. प्राध्यापकांनी पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी तोंडाला लावून संपवली, दुसरी संपवली, आणि घाम पुसत म्हणाले, "वा, वहिनी!"

आबांनी संधी साधली. "सर, आता सांगा. ह्यो दगड कामाचा हाय का न्हाई?"

"आहे की. उत्तम आहे. कुठल्याही संग्रहालयात शोभेल."

हे शब्द! आबांच्या तोंडावर, आबांच्याच पंगतीत! मी आबांकडं बघितलं. त्यांनी भुवया उडवल्या आणि मान डोलावली. जिंकलो, असं मला वाटलं. ढीग वाचला. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या मनात ते खोटारडा ठरणं सलत होतं. मी म्हणालो, "आणि सर, तो पंचगंगेतलाच आहे."

प्राध्यापक हसले. "पुन्हा तेच? बरं, नेमका कुठं, कसा, ते तरी सांगा."

मी सगळं सांगितलं. घाटाची खालची बाजू, उघडा पडलेला पट्टा, वरच्या फुटक्या तसबिरी बाजूला सारल्या, करवंट्या, पोथीचा लगदा, आणि त्याखाली…

"थांबा." त्यांचा हात ताटातच थांबला. "तसबिरी? देवांच्या?"

"हो. लोक सोडतात ना नदीत. जुने, भंगलेले देव."

त्यांनी कांद्याच्या फोडी बाजूला करून गोटा उचलला, उलटा केला, गुळगुळीत पाठीवरून रश्श्याचा अंगठा फिरवला, आणि एकदम खो खो हसत सुटले. "अहो, हा शाळिग्राम आहे! तरीच म्हटलं इतका काळा कसा. नेपाळात गंडकी नदीत मिळतो तो. हिमालय आहे ना, तिथं पूर्वी समुद्र होता, त्यातला हा जीव. कुणीतरी यात्रेहून आणला असणार, घरात पुजला असणार, एक दिवस हातातून पडून फुटला, म्हणून नेऊन पंचगंगेत सोडला. म्हणजे तुम्ही खरंच बोलत होता हो!"

ते एकटेच हसत होते. आईच्या हातातली पळी भांड्यात पडली. आबा ताटावरून असे उठले की पाट उलटला. शाळिग्राम म्हणजे साक्षात विष्णू. आमच्या देव्हाऱ्यात जोतिबा आणि अंबाबाईचे चांदीचे टाक होते, शाळिग्राम कधी नव्हता, पण तुळशीच्या लग्नात तो कोण असतो हे आईला काय सांगायला हवं? आणि तो विष्णू कांद्याच्या ताटलीत, मटणाच्या पंगतीत बसलेला होता.

"आगं बाई गं!" आई कपाळावर हात मारून घेत होती. "कांद्यात बशिवला गं देव! रस्सा लागला त्याला!" प्राध्यापकांनी बिचाऱ्यांनी हात धुतले आणि सुपारी तोंडात टाकून काढता पाय घेतला. मी दारापर्यंत गेलो. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "सुटला एकदाचा प्रश्न." मला खोटारडा म्हटल्याबद्दल एक शब्द नाही. आणि माझा समुद्र तर पार हिमालयात निघून गेला होता.

घरात येतो तो आईनं आंघोळ करून ओल्या लुगड्यानं गोटा घेतलेला. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं त्याच्यावर. मग चंदन. ज्या वळ्या नीट मोजायला मी कधीपासून भिंग शोधत होतो, त्यांत तिनं बोटानं चंदन भरलं. मी म्हणालो, "आई, घासू नको, झिजेल तो."

"शिवू नगंस! आंगूळ करून ये आदी."

संध्याकाळी देवळातल्या गुरुजींना विचारून आबा परतले. गुरुजींचं म्हणणं, शाळिग्राम भंगला तरी चालतो, तो कधी बाद होत नाही. ज्यांनी सोडला त्यांना ते माहीत नसावं. तुमच्याकडं आपणहून चालत आलाय, तर रोज तुळस वाहायची, आणि ज्या घरात शाळिग्राम त्या घरात मांस शिजवायचं नाही. हे शेवटचं सांगताना आबांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. मग तोडगा त्यांनीच काढला. मटणाची चूल इथून पुढं परड्यात, नव्या खोलीच्या आडोशाला.

"परड्यात कुठं?" मी विचारलं. "ढीग राहणार आहे ना? सरांनी तुमच्यासमोर सांगितलं, दगड कामाचा आहे."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच खुळा. "आरं, त्यो दगड न्हवंच की! देव हाय त्यो. मास्तरच म्हनला. मग तुझ्या दगडातला कामाचा निघाला कुठला? येक बी न्हाई."

मी म्हणालो, मग तो शाळिग्राम तरी कॉलेजला देऊ, तिथं काचेच्या पेटीत राहील. आई आतून कडाडली, "देव वाटायचा आसतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी माणसं घेऊन आला. ढीग कडेला ओढून त्यांनी दुपारपर्यंत चौथऱ्यात मोठे दगड लावले, फटी भरायच्या राहिल्या. आबा दुकानात गेले नाहीत. ढिगाजवळ उकिडवे बसले आणि पहिला दगड उचलला, पण घमेल्यात टाकला नाही. मला हाक मारली.

"हितं ये. ह्यो बघ. देव हाय का ह्यो?"

"नाही."

"नीट बघून सांग. काल न कळता मटनात बसला. आज पायाखाली घालून ठोकला तर कुठं फेडू मी?"

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. मग कळलं. आदल्या आठवड्यात ज्या माणसाचा माझ्यावर विश्वास नव्हता, त्याचा आता पुरा विश्वास बसला होता. मी 'देव आहे' म्हणालो असतो तर तो दगड वाचला असता. सगळेच वाचले असते. आबांनी एका शब्दानं विचारलं नसतं. माझ्या जिभेवर ते आलंसुद्धा. पण इतके महिने खोटारडा ठरलो म्हणून जळत होतो तो मीच ना! आणि देव म्हटलं तरी वाचणार ते काय? आई त्यांनाही दुधानं धुणार, चंदन भरणार आणि मला म्हणणार, आंगूळ करून ये. दोन्हीकडून ते जाणारच होते. मला इतका राग आला होता, की कुणाचा ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

"गारगोटी आहे," मी म्हणालो. "कोडोलीच्या विहिरीतली. लाव्हा थंड होताना आत बुडबुडा राहतो. त्यात पाणी झिरपत राहतं आणि थरावर थर बसून ही तयार होते."

"म्हंजे देव न्हाई."

"नाही."

दगड घमेल्यात गेला. आबांनी दुसरा उचलला. मी सांगितलं. तिसरा उचलला. गवंडी बिडी ओढत थांबला होता, त्याची माणसं घमेली भरतील तशी नेत होती. हळूहळू आबा नुसतं 'देव का दगड' एवढं विचारून थांबेनात. ही हिरवी का? ह्याच्या पोटात पोकळी कशी? हा एवढा जड का? मी सांगत गेलो. एक जांभ्याचा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "ह्यो मुरगूडकडचा न्हवं? वळवात चिंब भिजून आलतास त्या दिशी. तापानं फणफणलातास."

तो तिथलाच होता. ताप आलेलाही खरा होता. मला वाटायचं, ह्या माणसानं माझा एकही रविवार लक्षात ठेवलेला नाही. आबांनी तो तुकडा जरा वेळ हातात धरला आणि घमेल्यात टाकला.

शेवटी एक डबा राहिला. आत कापसात पांढऱ्या सुयांचा एक फुलोरा होता, श्वास लागला तरी मोडेल असा. विहिरीतून घरापर्यंत तो मी एका हातात धरून, दुसऱ्या हातानं सायकल चालवत आणलेला. आबांनी तो तळहातावर घेतला. मोठ्या, गुळाच्या हातांवर. उन्हात धरून ह्या बाजूनं, त्या बाजूनं बघितला. गवंडी पलीकडून ओरडला, "मालक, येवढं झालं की बसवून टाकू."

"ह्यो?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, "दगडच आहे." आणि तो कसा होतो, सुया एकाच ठिकाणाहून कशा फुटतात, हेही सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून, अगदी मनापासून, जरा रागानंच म्हणाले, "लेका, इतकं समदं ठावं होतं तुला, तर आदी कधी सांगिटलं का न्हाईस?"

आणि त्यांनी हात गवंड्याच्या घमेल्यात रिकामा केला. गवंड्यानं ते घमेलं फटीत ओतलं आणि धुम्मस उचललं.